फाईल, तिचा पत्ता आणि कीबोर्ड

कीबोर्डचे शॉर्टकट येतात का, असं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही विचारलं तर उत्तर बहुधा ‘हो’ येतं आणि पाठोपाठ तीन नावं येतात: कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस. गाडी तिथंच अडते. फाईलला नीट नाव देणं, ती हव्या त्या फोल्डरमध्ये टाकणं, नवा फोल्डर उघडणं, दहा फायली इकडून तिकडे नेणं, ही कामं न बोलता माउसकडे जातात. वास्तविक यातल्या एकाही कामाला माउस लागतोच असं नाही. ज्यांना पडदा दिसत नाही, ज्यांचं मनगट दुखतं, ज्यांच्या लॅपटॉपचा टचपॅड मान टाकून बसलाय, अशी कितीतरी माणसं ही सगळी कामं रोज फक्त कीबोर्डवर करतात.

या विषयावर आजवर जे बोललं गेलं त्यातलं निम्म्याहून जास्त वेगाबद्दल आहे. कीबोर्डने काम लवकर होतं की माउसने, हा वाद मला दुय्यम वाटतो. माउसने फाईल ‘कुठंतरी’ ठेवता येते. कीबोर्डने ती ठेवताना कुठं ठेवतोय हे आधी ठरवावं लागतं आणि पुष्कळदा टाइपही करावं लागतं. फायली हरवण्याच्या तक्रारीचं मूळ या फरकात आहे.

थोडं मागे जाऊ. आज कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह हे आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं, पण १९७८ साली आलेल्या वर्डस्टारमध्ये कंट्रोल-एस दाबलं की कर्सर एक अक्षर डावीकडे सरकायचा. सेव्ह करायला कंट्रोल-के आणि त्यानंतर एस किंवा डी दाबावं लागे. एस म्हणजे सेव्ह करून काम चालू ठेवा, डी म्हणजे सेव्ह करून फाईल बंद करा. वर्डपरफेक्टमध्ये सेव्हसाठी एफ-१० होतं. युनिक्सच्या टर्मिनलवर कंट्रोल-एस दाबलं की पडद्यावर येणारा मजकूर जागच्या जागी थांबतो. हे आजही होतं. नवशिक्याला वाटतं मशीन अडकलं. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं पुन्हा वाहू लागतं.

कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. टेस्लर पुढे अॅपलमध्ये गेले आणि १९८३च्या लिसा कॉम्प्युटरवर झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या चार बटणांना अनडू, कट, कॉपी, पेस्ट ही कामं मिळाली. गंमत अशी की त्याच अॅपलने १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आणला तेव्हा त्याच्या कीबोर्डवर बाणांची बटणंच ठेवली नव्हती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी जुने, कीबोर्डवर चालणारे प्रोग्रॅम जसेच्या तसे उचलून आणू नयेत आणि वापरणाऱ्यांनी माउस धरायला शिकावं, असा त्यामागे हेतू होता. बाण परत यायला १९८६चा मॅकिंटॉश प्लस उजाडावा लागला.

दुसऱ्या बाजूला आयबीएमने १९८७ साली ‘कॉमन यूजर अॅक्सेस’ नावाची नियमावली काढली. त्या काळी बहुसंख्य पीसींना माउस जोडलेलाच नसे, त्यामुळे प्रत्येक काम कीबोर्डने करता आलं पाहिजे ही त्यातली मूळ अट होती. मदतीसाठी एफ-१ आणि विंडो बंद करायला ऑल्ट-एफ-४ ही त्याच परंपरेतली. शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट आजही होतं, करून बघा. मेनूतल्या प्रत्येक शब्दात एका अक्षराखाली रेघ असे आणि ऑल्टबरोबर ते अक्षर दाबलं की काम होई. ही रेघ म्हणजे शिकवणी होती, तीही फुकट. विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने या रेघा ऑल्ट दाबेपर्यंत लपवायला सुरुवात केली. पडदा स्वच्छ दिसू लागला, पण पुढच्या पिढीला असं काही असतं हे दिसायचंच बंद झालं. माझ्या मते कीबोर्डचं सगळ्यात मोठं नुकसान या किरकोळ वाटणाऱ्या निर्णयाने केलं.

वेगाचा वादही उरकून टाकू. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अॅलन न्यूएल यांनी १९८० साली माणसाच्या हालचालींचे सरासरी वेळ मांडले. सरावलेल्या हाताचं एक बटण दाबायला साधारण ०.२ सेकंद, माउसने पडद्यावरची एखादी जागा गाठायला १.१ सेकंद, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद आणि ‘आता काय करायचं’ हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. या हिशोबाने मेनू उघडून सेव्हवर क्लिक करून हात परत आणायला तीन-साडेतीन सेकंद जातात, तर कंट्रोल-एसला अर्धा सेकंदही लागत नाही. तरीही अॅपलचे ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८९मध्ये ठणकावून लिहिलं की घड्याळ लावून मोजलं तर माउसच पुढे असतो. कीबोर्ड वेगवान वाटतो तो केवळ शॉर्टकट आठवण्यात गेलेला वेळ माणसाला जाणवत नाही म्हणून. हे दोन्ही खरं असू शकतं, कारण सगळा खेळ त्या १.३५ सेकंदांचा आहे. शॉर्टकट बोटांत मुरला असेल तर कीबोर्ड जिंकतो, आठवावा लागत असेल तर हरतो. २००५ साली लेन, नेपियर, पेरेस आणि सँडर यांनी वर्डच्या अनुभवी वापरकर्त्यांना विचारून पाहिलं, तेव्हा वर्षानुवर्षं वर्ड वापरणारेही बहुतांशी चित्रांच्या पट्टीवर क्लिक करत होते. म्हणजे अनुभवाने शॉर्टकट आपोआप येत नाहीत, ते मुद्दाम शिकावे लागतात.

महाराष्ट्रात मात्र एक शॉर्टकट शिकवणीशिवाय घरोघर पोचला, आणि तो लोडशेडिंगने पोचवला. दोन हजारच्या दशकात ज्यांनी डीटीपी केलं त्यांना हे सांगायला नको. परिच्छेद संपला की कंट्रोल-एस, पान संपलं की कंट्रोल-एस, पंखा मंदावल्यासारखा वाटला तरी कंट्रोल-एस. त्या काळात तयार झालेल्या ऑपरेटरचा डावा हात आजही, गूगल डॉक्समध्ये गरज नसताना, दर दोन मिनिटांनी त्या बटणांवर जातो.

पण सेव्ह दाबणं हा कामाचा सोपा भाग. फाईल पहिल्यांदा सेव्ह करताना जी चौकट उघडते, खरी गोम तिथं आहे, आणि बहुतेक शॉर्टकटच्या याद्या या चौकटीच्या दारापर्यंत येऊन थांबतात. वर्डमध्ये नवी फाईल कंट्रोल-एसने सेव्ह करू गेलं की हल्ली आधी क्लाउडची जागा पुढे करणारा पडदा येतो. एफ-१२ दाबलं तर तो टाळून थेट जुनी ‘सेव्ह अॅज’ची चौकट उघडते. कर्सर नावाच्या रकान्यात असतो. लोक तिथं नाव टाइप करतात आणि मग माउसने डावीकडच्या फोल्डरांत हिंडू लागतात. हिंडायची गरज नसते, कारण त्या रकान्याला नावाइतकाच पत्ताही कळतो. ड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश टाइप केलं की खाली त्या ड्राइव्हमधले फोल्डर यादीने उघडतात. दोन-तीन अक्षरं, खालचा बाण, पुन्हा बॅकस्लॅश, की त्याच्या आतले फोल्डर. शेवटी नाव टाकून एंटर मारलं की फाईल बरोबर त्या जागी जाते. नुसते दोन टिंब टाकून एंटर मारलं तर चौकट एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जाते. नोटपॅडमध्ये अवतरणचिन्हांत नाव एक्सटेन्शनसकट दिलं तर त्याच्या शेपटाला ‘टीएक्सटी’ चिकटत नाही. आणि नसलेल्या फोल्डरचा पत्ता टाकला तर चौकट सरळ सांगते, असा पत्ता नाही. माउसने काम करणाऱ्याला ही सूचना कधी मिळत नाही. तो समोर उघडा असेल त्या फोल्डरमध्ये फाईल टाकून मोकळा होतो, आणि तो फोल्डर बहुधा ‘डाउनलोड्स’ असतो.

विंडोजच्या फाईल एक्स्प्लोररमध्ये कीबोर्डचा कारभार मुळात चांगला आहे. विंडोज-ई ने तो उघडतो, ऑल्ट-डी ने कर्सर पत्त्याच्या पट्टीवर जातो, ऑल्ट आणि वरचा बाण वरच्या फोल्डरमध्ये नेतो, कंट्रोल-शिफ्ट-एन नवा फोल्डर करतं. फोल्डरच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भरभर टाइप केली की निवड त्या नावावर उडी मारते. एफ-२ ने नाव बदलता येतं हे पुष्कळांना ठाऊक असतं. नाव बदलल्यावर एंटरऐवजी टॅब दाबलं की पुढच्या फाईलचं नाव बदलायला लगेच उघडतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. स्कॅन केलेल्या चाळीस कागदांना नावं द्यायची असतील तर नाव, टॅब, नाव, टॅब अशी लय लागते आणि काम बघता बघता हातावेगळं होतं. चूक झाली तर कंट्रोल-झेड नाव बदलणं आणि फाईल हलवणं दोन्ही मागे फिरवतं. शिफ्ट-डिलीटला ही सवलत नाही. त्यात फाईल रिसायकल बिनला वळसा घालून जाते आणि पेनड्राइव्हवर तर साध्या डिलीटनेही तेच होतं.

कीबोर्ड कुठं कमी पडतो तेही सांगायला हवं. दोनशे फोटोंमधून विखुरलेले पंधरा निवडायचे असतील तर विंडोजमध्ये कंट्रोल धरून बाणाने सरकायचं आणि हव्या त्या फोटोवर स्पेस दाबायची. पद्धत चालते, पण एकदा कंट्रोल सुटलं आणि बाण दाबला गेला की आधीची सगळी निवड पुसली जाते. इथं माउस सरस आहे आणि कीबोर्डच्या भक्तांनी ते मान्य करावं. उलट बाजूला, माउसने ओढून नेताना बोट मध्येच सुटलं आणि अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेला, हा प्रकार कीबोर्डवर घडत नाही. ऑफिसातल्या सामायिक ड्राइव्हवर ‘कालपर्यंत इथं होता’ म्हणून जे फोल्डर शोधले जातात, त्यातले बरेच असे शेजारी सापडतात.

मॅकवर आलेल्या विंडोजवाल्याची पहिली ठेच ठरलेली: फाईलवर येऊन एंटर मारावं तर ती उघडत नाही, नाव बदलायला उघडते. उघडायला कमांड आणि खालचा बाण. कटसाठी कमांड-एक्स फाइंडरमध्ये फायलींना चालत नाही. आधी कॉपी करायची आणि पेस्ट करताना ऑप्शन-कमांड-व्ही दाबायचं, मग फाईल हलते. ही सोयसुद्धा २०११मध्ये आली. कॉपी करताना काही बिघडत नाही आणि हलवायचं की नाही हे शेवटच्या क्षणी ठरतं, त्यामुळे ही पद्धत विचित्र वाटली तरी मला ती जास्त शहाणी वाटते. कमांड-शिफ्ट-जी दाबून थेट पत्ता टाइप करता येतो. लिनक्सच्या बहुतेक फाईल व्यवस्थापकांत हेच काम कंट्रोल-एल करतं.

या सगळ्या प्रकारात एका जुन्या प्रोग्रॅमची आठवण काढायलाच हवी. जॉन सोका यांनी लिहिलेला नॉर्टन कमांडर १९८६ साली डॉसवर आला. निळा पडदा, त्यावर शेजारी शेजारी दोन खाने, डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. टॅबने या खान्यातून त्या खान्यात जायचं. एफ-३ ने फाईल बघायची, एफ-४ ने दुरुस्त करायची, एफ-५ ने कॉपी, एफ-६ ने हलवायची किंवा नाव बदलायचं, एफ-७ ने नवा फोल्डर, एफ-८ ने डिलीट. हे सगळं खालच्या ओळीत कायम लिहिलेलं असे. फाईल कुठून निघाली आणि कुठं जाणार, दोन्ही टोकं डोळ्यांसमोर. आजच्या एक्स्प्लोररमध्ये कट केलेली फाईल कुठं पेस्ट करायची हे शोधत जावं लागतं आणि मध्ये फोन आला की काय कट केलं होतं हेच डोक्यातून निघून जातं. दोन खान्यांच्या मांडणीत हा अधांतरी टप्पाच नाही.

म्हणून ही मांडणी मेली नाही. मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा यांनी १९९४ साली मिडनाइट कमांडर लिहिला, तो लिनक्सच्या सर्व्हरांवर आजही वापरला जातो. आरएआर हा फायली दाबून बसवण्याचा प्रकार ज्यांनी काढला त्या रशियाच्या युजीन रोशाल यांनी फार मॅनेजर केला. स्वित्झर्लंडच्या ख्रिस्तियान गिस्लर यांचा टोटल कमांडर १९९३पासून चालू आहे. तेव्हा त्याचं नाव विंडोज कमांडर होतं, मायक्रोसॉफ्टच्या हरकतीनंतर २००२मध्ये ते बदललं. त्याचा पडदा आजही नव्वदच्या दशकातला दिसतो आणि बटणं तीच आहेत. रोज शेकडो फायली हाताळणाऱ्याने शिकायचं एकच काही निवडायचं असेल तर मी याच कुळाकडे बोट दाखवीन. अडचण एकच, आणि ती लॅपटॉपची: एफ-५ दाबावं तर पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो, कारण वरच्या ओळीतल्या बटणांची मूळ कामं कंपन्यांनी एफएन बटणामागे ढकलली आहेत. काही लॅपटॉपवर एफएन-एस्केपने ही अदलाबदल कायमची उलटवता येते, काहींवर त्यासाठी बायोसमध्ये शिरावं लागतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे फायलींची यादीच मजकूर मानणं. इमॅक्स या एडिटरमध्ये डायरेड नावाची सोय आहे. फोल्डर उघडला की आतल्या फायली ओळीओळीने दिसतात. एम दाबून खूण करायची, डी दाबून काढून टाकायच्या फायली ठरवायच्या, शिफ्ट-आर ने नाव बदलायचं आणि एक्स दाबलं की ठरवलेल्या फायली खरोखर पुसल्या जातात. हीच यादी दुरुस्तीसाठीही उघडता येते. मग शंभर नावांतलं ‘पावती’ एकाच शोधा-बदला हुकमाने ‘बिल’ होतं, आणि सेव्ह केलं की डिस्कवरच्या शंभर फायलींची नावं बदलतात.

इथं पुण्याचा थेट संबंध येतो. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूने वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजात गणित, मग आयआयटी मुंबई आणि १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठाची पीएचडी. गणिती मजकूर ऐकून समजेल अशा रीतीने वाचून दाखवणारी प्रणाली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९९५मध्ये त्यांनी याच इमॅक्सला बोलतं करणारं इमॅक्सस्पीक लोकांसाठी खुलं केलं. पडदावाचक सहसा पडद्यावर जे आहे ते वाचत सुटतो. इमॅक्सस्पीकमध्ये बोलणारा भाग एडिटरच्या आतच बसलेला असल्याने समोरची ओळ फाईलच्या नावाची आहे, तारखेची की प्रोग्रॅमची, हे त्याला ठाऊक असतं आणि तो त्याप्रमाणे बोलतो. डायरेडमधल्या यादीवरून फिरताना त्यामुळे कामाचं तेवढंच कानावर पडतं.

विंडोजवर दृष्टिहीनांचं बहुतेक काम जॉज आणि एनव्हीडीए या पडदावाचकांवर चालतं. जॉज टेड हेंटर यांच्या कंपनीने काढला. ते मोटरसायकल शर्यतीत भाग घेत आणि १९७८च्या अपघातात त्यांचे डोळे गेले होते. एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांच्या प्रयत्नांतून उभा राहिला, २००६पासून मोफत मिळतो आणि मराठीही बोलतो. या मंडळींसाठी माउस हा पर्यायच नाही. म्हणून फायली लावण्याच्या सवयींचा कस त्यांच्या कामात लागतो. समजा, फोल्डरमध्ये तीस फायली आहेत आणि सगळ्यांची नावं ‘व्हॉट्सअॅप इमेज’ने सुरू होतात. पाहणारा चित्राचा छोटा नमुना बघून हवी ती उचलतो. ऐकणाऱ्याला दर बाणागणिक ‘व्हॉट्सअॅप इमेज दोन हजार चोवीस’ एवढं ऐकून मग फरक कळतो. वेगळेपण सांगणारा शब्द नावात पहिला हवा, हा धडा इथून मिळतो आणि तो डोळसांनाही तंतोतंत लागू पडतो, कारण अक्षरं टाइप करून उडी मारायची तर सुरुवातच वेगळी असावी लागते.

तारीख आधी लिहावी की नंतर, या जुन्या प्रश्नाचं उत्तरही यातून निघतं. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली की फायली आपोआप कालक्रमाने लागतात. १९८८च्या आयएसओ ८६०१ मानकाचा क्रमही तोच आहे. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात आणि यादीचा विचका होतो. पण प्रत्येक नाव ‘२०२४’ने सुरू झालं तर कीबोर्डची उडी निकामी होते. माझा कौल ‘वीजबिल २०२४-०८’ अशा नावांना आहे: विषय आधी, तारीख मागून. रोजनिशी किंवा बैठकांची इतिवृत्तं अशी एकाच विषयाची रास असेल तिथं तारीख पुढे चालेल.

मराठीत नावं देणाऱ्यांपुढे आणखी काही खड्डे आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, आकृतीच्या जमान्यात फाईलच्या आत मराठी असे आणि नाव रोमनमध्येच द्यावं लागे, कारण तो फाँट नावाला लावता येत नसे. युनिकोडने ती अडचण सोडवली आणि नव्या आणल्या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना सेव्हच्या चौकटीत डी ड्राइव्हचा पत्ता टाइप करायला जा. डी, कोलन, बॅकस्लॅश या सरावाच्या बटणांतून रकान्यात ‘अछॉ’ उमटतं. विंडोज-स्पेसने इंग्रजीवर या, पत्ता टाका, परत मराठीवर या, नाव टाका. फोल्डरांची नावं मराठीत असली तर ही ये-जा दर पायरीला. विसर्गाचं तर अनेकांनी अनुभवलं असेल: घाईत विसर्गाऐवजी कोलन टाइप करून ‘दुःख’ लिहिणारे खूप आहेत. मजकुरात ते खपून जातं, पण विंडोज फाईलच्या नावात कोलन घेत नाही आणि नावात हे चिन्ह चालणार नाही म्हणून अडून बसतं. ‘ॲडमिशन’मधला पहिला स्वर दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक स्वतंत्र अक्षर म्हणून आणि दुसरा अ वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. एकाच फोल्डरमध्ये या एकाच नावाच्या दोन फायली सुखाने नांदतात आणि एका तऱ्हेने शोधलं तर दुसरी सापडेलच असं नाही. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं धरून ‘महाराष्ट्र’ या एका शब्दालाच तीस बाइट लागतात. शासकीय परिपत्रकाचा अख्खा विषय नावात कोंबणाऱ्याला ८५ चिन्हांवर थांबावं लागतं. शासनाच्या टायपिंग परीक्षांत वेग आणि अचूकता कसून तपासतात. त्याच बोटांनी फाईल कुठं आणि कशी ठेवायची, हेही त्या अभ्यासक्रमात तितक्याच गांभीर्याने यायला हवं.

एवढा खटाटोप कशाला, शोध दिला की फाईल सापडते, असं म्हणणारा मोठा वर्ग आहे. ओफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं पुस्तक २०१६मध्ये आलं. शोधयंत्रं सुधारली तरी स्वतःच्या फायलींपाशी जायला माणसं फोल्डरांची वाटच जास्त पसंत करतात, आणि शोध वापरतात तो ठिकाण विसरल्यावर, असं त्यांना दिसलं. याच्या उलट अनुभव २०२१ साली ‘द व्हर्ज’च्या एका लेखात आला होता. अमेरिकेतल्या प्राध्यापकांना आढळलं की नव्या विद्यार्थ्यांना फाईल ‘कुठं आहे’ हा प्रश्नच उमगत नाही. त्यांच्या लेखी सगळं एका पोतडीत असतं आणि शोध दिला की वर येतं. फोनवर वाढलेल्या मुलांचं हे चित्र आपल्याकडेही वेगळं नाही. शोधही कीबोर्डनेच होतो, त्यामुळे माझं त्याच्याशी भांडण नाही. पण शोधायला नावातला एक तरी शब्द आठवावा लागतो, आणि ‘डॉक्युमेंट १७’ हे नाव कोण आठवणार?

नव्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डची वाट कुठं रुंद होतेय तर कुठं बुजतेय. विंडोज ११ने २०२१मध्ये उजव्या क्लिकचा मेनू नव्याने मांडला तेव्हा कट, कॉपी, रिनेम हे शब्द जाऊन तिथं नुसती चित्रं आली. शब्द परतले ते २०२४मध्ये. शिफ्ट-एफ-१० दाबलं की अजूनही जुना मेनू त्याच्या अक्षरांसकट उघडतो. गूगल ड्राइव्हचा प्रवास उलट दिशेने झाला. तिथं सुरुवातीला कामांना एकेक सुटी अक्षरं दिलेली होती, त्यामुळे नावाचं पहिलं अक्षर दाबून फाईलवर जाता येत नसे, भलतंच काम सुरू होई. २०२३च्या ऑगस्टमध्ये गूगलने ही व्यवस्था बदलली आणि ब्राउझरमधल्या त्या यादीतही अक्षर दाबून फाईलवर उडी मारायची सोय आली. त्याच्या वर्षभर आधी, २०२२मध्ये, क्रोममध्ये ड्राइव्हच्या फायलींना कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्हीही चालू लागलं होतं.